शंभर फुटांवरचं शून्य

तक्रार एका ओळीची होती. गोळा शंभर फूट खाली आहे, तापमान बरोबर येतंय, वेग बरोबर येतोय, खोली मात्र शून्य. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात सामन मासे पकडणाऱ्या एका बोटीवरून ती कंपनीकडे गेली आणि कंपनीकडून वडोदऱ्याला, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये आली. सोबत परत आलेले काही प्रोब, म्हणजे पाण्याखाली सोडायची मापयंत्रं, आणि सूचना: प्रेशर सेन्सर बदलून द्यावेत. हे प्रोब आम्ही जुळवतो आणि तपासतो. सर्किट आणि प्रोग्रॅम कंपनीचे.

आधी हे यंत्र करतं काय ते सांगतो, कारण आपल्याकडे ही मासेमारी कुणी बघितलेली नसते. मिशिगन सरोवरात कोहो सामन 1966 साली सोडले, चिनूक 1967 साली. हे थंड पाण्याचे मासे. चिनूकला साधारण 10 ते 13 अंश सेल्सियस मानवतं, लेक ट्राउटला त्याहूनही थंड. उन्हाळ्यात सरोवराचा वरचा थर तापतो, खालचा गारच राहतो आणि मधल्या काही मीटरांत तापमान झपाट्याने उतरतं. मासा त्या पट्ट्याच्या आसपास असतो. म्हणून बोटीच्या कडेला डाउनरिगर नावाची चरखी लावतात, पोलादी तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा बांधून खाली सोडतात, गळाची दोरी त्या तारेला चिमट्याने अडकवतात आणि बोट ताशी तीन-चार किलोमीटरने हाकत राहतात. हेच ट्रोलिंग. चरखीवरचा काउंटर फक्त तार किती सुटली ते सांगतो. बोट चालताना तार मागे तिरपी होते. 25 अंशांचा कल असेल तर 30 मीटर तारेवरचा गोळा 27 मीटरवरच असतो. खालचे प्रवाहही वेगळे, त्यामुळे वर जो वेग दिसतो तो खाली गळाला मिळेलच असं नाही. म्हणून गोळ्याच्या जरा वर प्रोब लावतात. तो तिथलं तापमान, वेग आणि खोली मोजून वर कळवतो.

कळवतो तो आवाजाने. ब्लूटूथसारखी रेडिओ लहर हातभर पाण्यातच विरून जाते. आवाज गोड्या पाण्यात सेकंदाला साधारण 1450 ते 1500 मीटर धावतो आणि लांब जातो. प्रोबमधली पिझो सिरॅमिकची (वीज दिली की थरथरणारी) नळी माणसाला ऐकू न येणारे टिचके देते, बोटीच्या मागच्या फळीखालचा ट्रान्सड्यूसर ते पकडतो. आकडा टिचक्यात नसतो, दोन टिचक्यांमधल्या अंतरात असतो. आमच्या प्रोबमध्ये आधी जोड टिचका, मग तीन अंतरं: तापमान, वेग, खोली. ट्रान्सड्यूसर बोटीच्या पंख्याच्या फेसात आला की बुडबुडे आवाज अडवतात आणि सगळंच गायब होतं. इथे तसं नव्हतं. तीनपैकी दोन आकडे व्यवस्थित येत होते, म्हणजे आवाजाची वाट मोकळी होती.

परत आलेले प्रोब प्रेशर पॉटमध्ये घातले. पॉट म्हणजे आठ इंची जाड पाइप, खाली प्लेट, वर फ्लँज, आणि बाजूला पाइपलाइन तपासायला वापरतात तो हायड्रो टेस्टचा हातपंप. पॉट काठोकाठ पाण्याने भरायचा आणि हवेची कॉक बंद करण्याआधी शेवटचा बुडबुडा बाहेर काढायचा. आत हवा राहिली आणि झाकण सुटलं तर दाबलेली हवा ते फेकून देते. नुसतं पाणी तसं करत नाही. प्रोब खोली ओळखतो ती पाण्याच्या दाबावरून, आणि 3 बार दाब म्हणजे जवळपास शंभर फूट. प्रत्येक प्रोबने शंभर फूट दाखवले. ओ-रिंग कोरडी, आत थेंब नाही. सेन्सर उत्तम.

कंपनीने आपली थंडीची चाचणीही कळवली होती: बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं, सगळं ठीक.

बोटवाल्याने कंपनीला पाठवलेला पूर्ण मजकूर मागवला, तेव्हा गाडी रुळावर आली. त्यात दोन गोष्टी होत्या. बिघाड तासाभराने होतो, लगेच नाही. आणि शून्य दिसल्यावर तार आणखी पंधरा फूट सोडली तर खोली पंधरा दाखवते.

लेथवरचे काका मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "अरे, मग काटा मोडलेला नाही. कुणीतरी खालीच त्याला शून्यावर आणून ठेवलाय."

नेमकं तेच. बिघडलेला सेन्सर नव्या शून्यापासून पुढे इतकं अचूक मोजत नाही. हा प्रोब चालू होताना त्या क्षणाचा दाब शून्य खोली म्हणून धरतो. हवेचा दाब रोज बदलतो म्हणून ही सोय, आणि बोटीवर हवेत चालू केला तर ती बरोबरच आहे. म्हणजे प्रोब शंभर फुटांवर बंद होऊन पुन्हा चालू होत होता. तापमानाच्या थर्मिस्टरला आणि वेगाच्या चक्राला असं शून्य धरावं लागत नाही, म्हणून ते दोन्ही आकडे शाबूत.

आता बंद का पडतो? तासाभरात खाली काय बदलतं? दाब तर पहिल्या मिनिटापासून तेवढाच. बदलतं ते आतल्या सेलचं तापमान. प्लॅस्टिकची जाड नळी आणि आतली हवा यांमुळे सेल गार व्हायला पाऊण तास सहज लागतो. दहा मिनिटांच्या चाचणीत सेल अजून कोमटच असणार.

मे महिना, बाहेर 42 अंश, छपरावरच्या टाकीचं पाणी हात घालवेना असं. बर्फाच्या लाद्या मागवल्या, फोडून ड्रममध्ये भरल्या, त्यात पॉट उभा केला. मीठ टाकायचं नाही: मिठाने ड्रममधलं पाणी शून्याखाली जातं, पॉटमधलं पाणी कडेला गोठतं आणि गेज खोटं बोलायला लागतं. पॉटच्या झाकणात ग्लँडमधून एक पिझो चकती आत सोडली होती, ती व्होल्टेजची चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला जोडली. सेलच्या दोन टोकांपासूनही बारीक वायरी बाहेर आणल्या. सेल मुद्दाम अर्धे वापरलेले घेतले. नव्या सेलवर हा बिघाड दिसला नसता, पुढे कळेल का ते. पाणी 5 अंशांवर आलं, दाब 3 बार केला आणि वाट बघत बसलो.

पन्नास मिनिटांपर्यंत डिस्प्ले शंभरवर स्थिर. मग टिचके थांबले. तीन सेकंद शांतता, एक लांब टिचका, आणि पुन्हा नेहमीची लय. डिस्प्लेवर शून्य.

ऑसिलोस्कोपवर कारण स्पष्ट दिसत होतं. दोन अल्कलाइन ए.ए. सेल मालिकेत, उघडं व्होल्टेज 2.6. प्रत्येक टिचक्याला पाच मिलिसेकंद सुमारे 0.7 अँपिअर लागतात. शेडमधल्या उष्म्यात व्होल्टेज 2.2 पर्यंत बसून परत उठायचं. सेल गार झाले की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि तेच व्होल्टेज 1.7 पर्यंत खाली जात होतं. त्यात व्होल्टेज वाढवून देणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरची भर: आत येणारं व्होल्टेज घसरलं की तेवढीच शक्ती काढायला तो आणखी करंट ओढतो. प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपची, म्हणजे मायक्रोकंट्रोलरची, ब्राउन-आउट मर्यादा (किमान व्होल्टेज) 1.8. व्होल्टेज त्याखाली गेलं की तो रीसेट होतो, म्हणजे बंद होऊन पुन्हा चालू होतो. नवे सेल याच थंडीत 2.3 च्या वर राहत होते, म्हणून काही बोटींवर तक्रार यायची आणि काहींवर नाही.

दोन्ही चाचण्या का फसल्या तेही इथेच उलगडतं. दाबाच्या चाचणीत सेल ऊबदार, रीसेटच नाही. बादलीत बर्फ टाकून तासभर ठेवलं असतं तर रीसेट झाला असता, पण तिथे खोली तशीही शून्य, आणि डिस्प्ले दहा सेकंद जुना आकडा धरून ठेवतो, त्यामुळे तीन सेकंदांची शांतता दिसलीच नसती. थंडी आणि दाब एकत्र लावल्याशिवाय हा बिघाड पकडता येत नाही.

कंपनीचा पहिला उपाय होता सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवून टिचक्याच्या क्षणी सेलचा भार हलका करणारा भाग. बरोबर, पण कोणता ते महत्त्वाचं. घड्याळाच्या बॅकअपसाठी मिळणारे बटणासारखे 5.5 व्होल्टचे सुपरकपॅसिटर इथे निरुपयोगी, त्यांचा अंतर्गत रोध बहुधा दहा ओहमच्या वरच असतो, 0.7 अँपिअर त्यातून येणारच नाहीत. कमी रोधाचा नळीसारखा लागतो. तो एकेरी 2.7 व्होल्टचा असतो आणि नवे दोन सेल 3.2 पर्यंत देतात, म्हणून दोन मालिकेत. जागा तेवढी नव्हतीच, सेलची चौकट 8 मिलिमीटर सरकवावी लागली.

खरा दोष मात्र प्रोग्रॅममध्ये होता. रीसेट झाला याचा अर्थ प्रोब हवेत आहे, असं त्यात गृहीत धरलेलं. मायक्रोकंट्रोलर रीसेटचं कारण एका नोंदीत ठेवतो. ती वाचून ब्राउन-आउट असेल तर जुनं शून्यच वापरायचं, आणि ते शून्य ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, जपायचं. कंपनीने सुचवलं, त्यापेक्षा दाबाची मर्यादा घालू: 950 ते 1050 मिलिबार असेल तरच शून्य धरायचं. मिशिगनला चालेल, ते समुद्रसपाटीपासून 176 मीटरवर आहे. पण लेक ट्राउटसाठी ट्रोलिंग अमेरिकेतल्याच टाहो सरोवरातही होतं आणि ते जवळपास 1900 मीटरवर. तिथे हवेचाच दाब 800 च्या आसपास, म्हणजे प्रोब हवेत शून्य धरणारच नाही. उलट दोन मीटर पाण्याखाली तो हजाराच्या जवळ पोचतो, आणि तिथे मात्र खुशाल धरेल. म्हणून मर्यादेऐवजी पाणी ओळखणाऱ्या स्टीलच्या दोन पिना वापरल्या: पिना कोरड्या असतील तरच नवं शून्य.

बदललेला प्रोब त्याच सेलवर, सुपरकपॅसिटर काढून, पुन्हा बर्फात ठेवला. मुद्दाम काढला, कारण रीसेट व्हायलाच हवा होता. झाला, आणि डिस्प्ले शंभरवरच राहिला.

विकल्या गेलेल्या प्रोबसाठी कंपनीला एवढंच लिहिलं: 1.5 व्होल्टचे लिथियम ए.ए. सेल घालायला सांगा, ते थंडीत टिकतात. शून्य दिसलंच तर प्रोब वर काढून, पुसून, हवेत पुन्हा चालू करायचा. आणि हे ठळक अक्षरांत: त्याच मापाचे 3.6 व्होल्टचेही लिथियम सेल मिळतात, दुकानदार चुकून तेच देऊ शकतो. दोन घातले की 7.2 व्होल्ट थेट बोर्डवर जातात.