बूटलोडरची नोंदवही, भाग ७ : पहिली चार पेजं ऐकेचनात

मागच्या भागात बेत ठरला होता, बूटलोडर (चिप चालू होताच आधी धावणारा छोटा प्रोग्रॅम) ॲपमधूनच बदलायचा. ब्लू पिल हा छोटा बोर्ड, त्यावर एसटीएम३२एफ१०३सी८ ही चिप, तिच्या फ्लॅश मेमरीची १-१ केबीची पेजं, पहिले ८ केबी बूटलोडरला, त्यापुढे ॲप, शेवटची दोन पेजं (६२ आणि ६३) सेटिंगना. टेस्ट घेतली. पेज ४ ते ७ मुकाट इरेज झाली. पेज ० ते ३ जागची हललीसुद्धा नाहीत.

प्रत्येक इरेजनंतर स्टेटस रजिस्टर यूएआरटीवर (सिरियल पोर्टवर) छापायची सवय इथे कामी आली. पेज ० ला हेक्स १०, पेज १ ला १०, २ ला १०, ३ ला १०, आणि ४ पासून थेट २०. वीस म्हणजे ईओपी, काम फत्ते. दहा म्हणजे बिट ४, राइट प्रोटेक्ट एरर. म्हणजे चिप सांगत होती की इथे कुलूप आहे. पण हे कुलूप पूर्वी ओपनओसीडीने (पीसीवरून चिप प्रोग्रॅम आणि डीबग करणारं सॉफ्टवेअर) बसवलं होतं आणि ॲपने ते या टेस्टआधीच काढलं होतं. राइट प्रोटेक्शन रजिस्टर वाचलं तर बत्तीसच्या बत्तीस बिट १. या घराण्यात ० म्हणजे बंद आणि १ म्हणजे उघडं. कागदोपत्री सगळं उघडं, प्रत्यक्षात चार पेजं बंद.

संशय आधी गेला तो चिपवर. ब्लू पिलवर नाव एकाचं आणि सिलिकॉन दुसऱ्याचं हा प्रकार आता सगळ्यांच्या परिचयाचा आहे. लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाच्या गल्लीतून, चिपवरच्या छापील अक्षरांवर विसंबू नका, एसडब्ल्यूडीचा (चिपच्या डीबग जोडणीचा) आयडी वाचा. १बीए०१४७७ आला तर निदान पहिली पायरी ठीक, २बीए०१४७७ आला तर क्लोन. या बोर्डचा डोंगल (ती जोडणी पीसीला लावणारा) काढून ठेवला होता, म्हणून त्याच खेपेच्या दुसऱ्या बोर्डचा आयडी वाचला. तो १ वाला निघाला.

दुसरा संशय आतल्या आरसी ऑसिलेटरवर, म्हणजे एचएसआयवर. ७२ मेगाहर्ट्झवर क्रिस्टलने चालताना वीज वाचवायला एचएसआय बंद केला, तर फ्लॅशचं लिहिणं-पुसणं चालत नाही, त्याला एचएसआय चालू लागतोच. पण तसं असतं तर ४ ते ७ सुद्धा अडली असती. इंटरप्टचंही तेच.

खरा धागा आकड्यात होता. चार पेजं म्हणजे नेमके ४ केबी. मीडियम डेन्सिटीत, म्हणजे या चिपच्या गटात, राइट प्रोटेक्टचा एक बिट चार पेजं झाकतो, त्यामुळे ८ केबीच्या बूटलोडरला दोन बिट लागतात. राइट प्रोटेक्ट उरलं असतं तर एकच बिट का उरावा? मग ऑप्शन बाइट (कुलपं आणि वॉचडॉगसारख्या सेटिंग ठेवणारे बाइट) दाखवणारं रजिस्टर वाचलं. कोऱ्या, उघड्या चिपमध्ये त्याचा शेवट सीने होतो. इथे शेवटचा अंक होता ई. सी आणि ई मध्ये फरक एकाच बिटचा, बिट १, रीड प्रोटेक्शन. चिप वाचनासाठी लॉक झाली होती आणि डोंगल जोडलेला नसल्याने कुणाला पत्ताच नव्हता.

आता दोन गोष्टी जोडा. एक, रीड प्रोटेक्शन लागलं की पहिली चार पेजं आपोआप राइट प्रोटेक्ट होतात, राइट प्रोटेक्टचे बिट काहीही म्हणोत. हे पीएम००७५ मध्ये (चिप बनवणाऱ्या एसटीचं फ्लॅश मॅन्युअल) स्पष्ट लिहिलं आहे, पण राइट प्रोटेक्शनच्या भागात नाही, रीड प्रोटेक्शनच्या भागात, म्हणून निसटतं. दोन, ऑप्शन बाइट सुटे सुटे पुसता येत नाहीत. इरेज मारला की सगळे हेक्स एफएफ होतात, रीड प्रोटेक्शनचा बाइटही. त्यात ए५ असेल तरच चिप उघडी. बाकी काहीही असलं, अगदी कोरा एफएफ असला, तरी बंद. आपल्या "कुलूप काढा" फंक्शनने ऑप्शन बाइट पुसले, राइट प्रोटेक्ट सगळं १ झालं म्हणून खूश होऊन रीसेट मारला, आणि ए५ परत लिहायचं राहिलं. एक कुलूप काढताना दुसरं लावलं!

एसटीच्या लायब्ररीत हे होत नाही, कारण तिचं ऑप्शन इरेजचं फंक्शन आधी रीड प्रोटेक्शनची स्थिती बघून ठेवतं आणि पुसल्यावर लगेच ती परत लिहितं. बूटलोडर लहान ठेवायला लायब्ररी काढून रजिस्टरवर हात मारला की अशा न दिसणाऱ्या चार ओळी गमवाव्या लागतात. लायब्ररीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिचा सोर्स वाचल्याशिवाय ती टाकू नये.

दुरुस्त क्रम असा. फ्लॅशच्या दोन की (लिहायची परवानगी देणारे ठरावीक आकडे), मग त्याच दोन की ऑप्शन की रजिस्टरला, ऑप्शन इरेज आणि स्टार्ट, बिझी उतरेपर्यंत थांबणं, इरेजचा बिट खाली, ऑप्शन प्रोग्रॅमचा बिट वर. आणि सगळ्यात आधी १एफएफएफएफ८०० वर ००ए५. पूर्ण १६ बिट लिहायचे. वरचा अर्धा भाग, म्हणजे उलटा बाइट, हार्डवेअर स्वतः काढतं. त्यानंतर यूजर बाइट (हार्डवेअर वॉचडॉग वापरत असाल तर हा विसरलात की वॉचडॉग गेला), दोन डेटा बाइट आणि शेवटी ८०८ पासून राइट प्रोटेक्टचे चार. ८ केबी झाकायला पहिल्या राइट प्रोटेक्ट बाइटमध्ये एफसी. नवी स्थिती रीसेटनंतरच लागू होते, त्यामुळे लिहिल्या लिहिल्या रजिस्टर वाचून "लागलं नाही" म्हणत परत लिहू नका.

ए५ आधी का? वीज गेली तर. इरेज संपल्यापासून ए५ लिहून होईपर्यंतचा काळ एका हाफवर्डचा, साधारण ५० मायक्रोसेकंद. ते शेवटी ठेवलं तर ही फट उगाच कित्येक पटींनी रुंदावते. खरा धोका मात्र इरेजच्या मधोमध वीज जाण्याचा, कारण तो २० ते ४० मिलिसेकंद चालतो. ३.३ व्होल्टच्या रेलवर १० मायक्रोफॅरड आणि बोर्ड ३० मिलिअँप खात असेल, तर २ व्होल्टपर्यंत यायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. १००० मायक्रोफॅरड लावला तर ४३ मिलिसेकंद मिळतात, काठावरचं गणित. इरेजआधी पीव्हीडी (पुरवठ्याचा व्होल्टेज तपासणारा चिपमधला भाग) बघून निघालो आणि पुरवठा तेव्हाच २.९ वर असला, तर तेच ३० वर येतं. म्हणजे कपॅसिटरच्या भरवशावर ऑप्शन बाइट घरोघरी पुसण्यात शहाणपण नाही. बूट झाल्यावर आधी वाचा, हवं तेच असेल तर हात लावू नका, आणि शक्यतो हे काम बेंचवर एसडब्ल्यूडीनेच एकदा उरकून टाका.

लॉक झालेली चिप सोडवताना मात्र घाई महागात पडली असती. रीड प्रोटेक्शन काढायला ए५ लिहिलं की चिप आधी पूर्ण मास इरेज करते. पेज ६२ आणि ६३ मध्ये सेन्सरचं कॅलिब्रेशन होतं, तेही गेलं असतं. पण रीड प्रोटेक्शन अडवतं ते डीबगरला आणि एसरॅममधून बूट होणाऱ्या कोडला. फ्लॅशमधून चालणारा ॲप स्वतःची पेजं वाचू शकतो. ॲपमध्ये हेक्स डंपची कमांड सुदैवाने भाग ३ पासून पडून होती. २ केबी हेक्समध्ये म्हणजे ४०९६ अक्षरं, ११५२०० वर अर्ध्या सेकंदाच्या आत उतरली. या नोंदीतला सगळ्यात गोड क्षण तोच.

मग ओपनओसीडीला हॉल्ट, अनलॉक, आणि वीज काढून परत लावणं. डीबगरवरून काढलेलं रीड प्रोटेक्शन साध्या रीसेटने जात नाही, पॉवर-ऑन रीसेटच लागतो. इथे बरेच जण दहा वेळा रीसेट दाबून चिप मेली म्हणतात. डोंगल तरीही धरत नसेल, तर बूट-झिरो जंपर १ वर, पीए९-पीए१० ला यूएसबी-सिरियल, आणि चिपच्या रॉममधला बूटलोडर. त्याला पॅरिटी इव्हन लागते, ८एन१ वर (पॅरिटी नसलेल्या नेहमीच्या मांडणीवर) तो गप्प बसतो. रीडआउट अनप्रोटेक्टची कमांड ९२, राइट अनप्रोटेक्टची ७३. स्वस्त डोंगलांपैकी काहींवरची "रीसेट" पिन एसटीएम८ साठीची असते, चिपच्या रीसेटशी तिचा संबंध नसतो. तेव्हा कनेक्ट अंडर रीसेट चालत नाही म्हणून वायरिंग तपासत बसू नका.

ओपनओसीडीबद्दल आणखी एक. फ्लॅश प्रोटेक्ट कमांडला अलीकडच्या आवृत्त्यांत पेजचा नाही, चार पेजांच्या गठ्ठ्याचा क्रमांक द्यायचा असतो. ० ते ७ दिलंत तर ८ नाही, ३२ केबी झाकले जातात आणि मग ॲप अपडेट होत नाही म्हणून नवीन शोध सुरू होतो. आधी फ्लॅश इन्फो बघा.

हे लिहिता लिहिता एक सुचलं, आणि त्यामुळे बेतच बदलतोय. बूटलोडर ८ केबीत कशाला? ४ केबीत बसला तर राइट प्रोटेक्टचा एकच बिट पुरतो, आणि उद्या चुकून रीड प्रोटेक्शन लागलंच तर जी चार पेजं आपोआप बंद होतात ती बूटलोडरचीच असतील. ॲपची पेजं मोकळी राहतील, अपडेट चालू राहील. आज जी चूक वाटली तीच मग आपल्या कामाची. सध्या बूटलोडर ५,४१२ बाइट आहे. त्यात प्रिंटएफ बसलाय, तो काढून साधं पुट्स आणि हेक्स छापायची बारा ओळींची रूटीन घातली, -ओएस आणि लिंक टाइम ऑप्टिमायझेशन लावलं की ४,०९६ च्या खाली यायला हरकत नाही. ॲपमधून बूटलोडर बदलायचा बेत मग रद्दच; बूटलोडर एकदा बेंचवर बसेल आणि तिथेच राहील.

(रीड प्रोटेक्शन मुद्दाम लावून कोड लपवायचा विचार असेल, तर तो या चिपवर सोडा. एक्सेप्शन व्हेक्टरच्या वाटेने एफ१ चा फ्लॅश बाहेर काढता येतो हे २०२० मध्येच जाहीर झालंय. इथली कुलपं आपल्याच हातांपासून आपला बूटलोडर वाचवायला.)

४ केबीमुळे ॲपला चार पेजं जादा मिळतात. ती सेटिंगच्या रिंगला (आळीपाळीने भरणाऱ्या पेजांना) द्यायची की नाही हे गणितावर. सध्या ८ बाइटची एक नोंद, १ केबीच्या पेजात शीर्षक वगळून १२७, दोन पेजं, प्रत्येकी १०,००० इरेज. म्हणजे २५ लाख ४० हजार नोंदी. दर मिनिटाला एक लिहिली तर पावणेपाच वर्षं, दर पाच मिनिटांनी लिहिली तर चोवीस. पाच मिनिटं पुरेत, पेजं ॲपलाच. जुनी नोंद बाद करायला इरेज लागत नाही, तिच्या मार्करवर ०००० लिहायचं. न पुसलेल्या जागी लिहिलं की ही चिप प्रोग्रॅम एरर देते, पण ०००० ला सूट आहे.

पुढच्या भागात प्रिंटएफ नसलेला बूटलोडर, आणि मॉसफेटने इरेजच्या मधोमध वीज तोडायचा जिग. त्यासाठी ॲपने इरेज सुरू करताना एक पिन वर करायची आणि जिगने तिथून ० ते ४५ मिलिसेकंदांत कुठेही पुरवठा कापायचा. ऑप्शन बाइटवर नाही, सेटिंगच्या पेजांवर.