राजा म्हणून हाक आली आणि आमचा पुतण्या उठून उभा राहिला

दिवाळीच्या सुट्टीत आई, वहिनी आणि पुतण्याला घेऊन लातूरहून पुण्याला गेलो होतो, बहिणीकडे कोथरूडला. शनिवारवाडा झाला, पर्वती झाली, सारसबाग झाली, लक्ष्मी रोडच्या गर्दीत आईची चप्पल तुटली. ते सगळं जाऊ दे, मला लिहायचंय ते शेवटच्या संध्याकाळबद्दल.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुट्टीनिमित्त एकपात्री आहे असं बहिणीला कळलं होतं. बाजीराव रोडला गाडी लावायला जागाच मिळेना, शेवटी मंडईकडे लावून चालत आलो, त्यामुळे वस्तू बघायला जेमतेम तासभर उरला आणि त्याचं मला अजून वाईट वाटतंय, कारण संग्रह २०,००० वस्तूंच्या वर, त्यातल्या मांडलेल्या थोड्या, पण त्या तरी तासाभरात कशा बघणार? आई दिव्यांपासून हलेना. लामणदिवे, समया, मग अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, प्रत्येकीपुढे "अशीच आमच्या आज्जीकडं होती की!" मस्तानी महालाचे अवशेष कोथरूडहून आणून इथे परत उभे केलेत हे वाचून बहीण चाटच पडली.

मग प्रयोग. साठीचे एक गृहस्थ, धोतर, कोट, हातात पितळी अडकित्ता आणि बाजूला एक लाकडी पेटी, एवढंच. तेच दिनकरराव झाले, चष्म्यांचा धंदा सांभाळून 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारे आणि गावोगाव जुन्या वस्तू शोधत फिरणारे. तेच खेड्यातली म्हातारी झाले, जिला कळेना की माझा मोडका दिवा घेऊन हा माणूस करणार काय. पदर सावरायची नुसती लकब, बास, म्हातारी दिसली! मागे एकाचा फोन तीनदा वाजला आणि तिसऱ्यांदा तो उचलून बोलला पण. मला फार राग आला. अहो, एकपात्री करणारा माणूस एकटा उभा असतो, त्याची लय तुटली तर सावरून घ्यायला शेजारी दुसरा नट नसतो.

केळकरांचा मुलगा राजा ७ वर्षांचा असताना गेला, त्याच्याच नावाने हे संग्रहालय आहे. तो प्रसंग आला. दिवे मंद केले, ते पेटीपाशी पाठमोरे बसले आणि हळू हाक मारली, "राजा... ए राजा..."

"ओ!" म्हणून आमचा पुतण्या ताडकन उभा राहिला. वय ६ वर्षं, आणि आई त्याला घरी राजाच म्हणते.

कुणीही हसलं नाही. ते वळले, त्याच्याकडे बघत राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. मग उठून आले, त्याच्या हातात अडकित्ता दिला, म्हणाले, "नीट धर हं, बोट सापडेल." आणि परत जाऊन उरलेला प्रयोग त्यांनी रिकाम्या हाताने केला, सुपारी कातरल्याचं दाखवायचं तेव्हा पण, आणि मला तो अडकित्ता त्यांच्याच हातात दिसत होता. आईने माझा दंड धरला होता तो शेवटपर्यंत सोडला नाही.

संपल्यावर पुतण्या अडकित्ता दोन्ही हातांत धरून परत देऊन आला. ते काही बोलले नाहीत, नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मंडईकडे चालताना त्याने विचारलं, "आज्जी, ते आजोबा मला ओळखत होते?"

वहिनी आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "हो रे राजा."