उमासा की अडकलेला घास?

मुलगी सहा महिन्यांची झाली, मान नीट धरून आधाराने बसायला लागली, तसं आम्ही तिला वरचं अन्न द्यायला लागलो. चौथ्या दिवशी शिजवून कुस्करलेल्या गाजराचा घास तोंडात गेला आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. जीभ बाहेर, डोळ्यांत पाणी, ऑक ऑक असा आवाज. मी घाबरून तिच्या तोंडात बोट घातलं. हाताला काही लागलं नाही. ती टाहो फोडून रडायला लागली आणि तिला छातीशी धरून मीही रडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "आवाज येत होता ना? मग तो उमासा. आणि बोट पुन्हा घालू नका." समोर दिसणारा, सहज चिमटीत येणारा तुकडाच काढायचा. न दिसणारा चाचपडायला गेलं तर तो आणखी आत ढकलला जातो. एवढ्याशा बाळाला जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागाला काही लागलं तरी उमासा येतो. वाढत्या वयाबरोबर ती जागा मागे सरकत जाते. म्हणजे ज्याला मी संकट समजत होते, ती तिच्या शरीराची राखण होती.

घास खरंच श्वासनलिकेत अडकला तर बाळाला रडता येत नाही, खोकता येत नाही. तोंड उघडं, पण आवाज नाही, किंवा श्वास घेताना नुसती बारीक शिटी. ओठ निळसर पडतात. माझी लेक सावळी आहे, चेहऱ्यावरून रंग कळेलच असं नाही. म्हणून ओठांबरोबर हिरड्या आणि नखंही बघायची, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

मग प्रथमोपचाराच्या वर्गात नवरा आणि मी दोघांनीही बाहुलीवर सराव केला. बाळाला पालथं हातावर घ्यायचं, जबड्याला आधार द्यायचा, डोकं छातीपेक्षा खाली ठेवायचं आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाठीवर खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मधोमध 5 थापा मारायच्या. तुकडा निघाला नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर 5 वेळा दाबायचं, आणि निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहायचं. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. तोवर दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवायची. बाळ निपचित पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. माझ्या थापा सुरुवातीला फारच हलक्या पडत होत्या. नुसतं बघून ते मला कधीच कळलं नसतं. बाळाला भरवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी स्वतःच्या हाताने करून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

आठवड्याभराने केळं खाताना पुन्हा तेच झालं. जीभ बाहेर, चेहरा लाल, जोरात खोकला. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून तिच्या ओठांकडे बघत राहिले. ओठ गुलाबीच होते. केळ्याचा गिळगिळीत तुकडा तिच्या हनुवटीवर आला. तिने तो बोटांनी चिवडला आणि परत तोंडात घातला.