बिनोदिनी उभी करताना: माझ्या एकपात्रीचा अनुभव

बिनोदिनी दासीवर एकपात्री करतेय म्हटलं की, ज्यांना तिचं नाव ठाऊक असतं ते हमखास विचारतात, "रामकृष्ण परमहंसांचा प्रसंग शेवटी घेतलायस ना?" ज्यांना ठाऊक नसतं ते विचारतात, "कोण गं ही?" या दोन प्रश्नांना तोंड देता देताच माझी संहिता तयार झाली. त्यातला दुसरा प्रश्न सोपा होता.

बिनोदिनी म्हणजे बंगाली रंगभूमीवरची गाजलेली नटी. जन्म 1863 चा, कलकत्त्याचा. कॉर्नवॉलिस स्ट्रीटवर आजीचं घर, पुरुषमाणूस नाही, खोल्या भाड्याने देऊन चालणारा संसार. लहानपणीच नावापुरतं लग्न लागलं आणि नवऱ्याकडची माणसं त्याला घेऊन गेली ती कायमची. घरात गंगाबाई नावाची गायिका भाडेकरू होती. तिच्याकडे ही पोर गाणं शिकली आणि तिच्याच ओळखीने 1874 मध्ये ग्रेट नॅशनल थिएटरात शिरली. पगार महिना 10 रुपये, पहिलं काम द्रौपदीच्या सखीचं. तिथून पुढे बेंगॉल थिएटर, नॅशनल, स्टार. ऐंशीच्या वर भूमिका. 1 जानेवारी 1887 ला शेवटचं काम केलं आणि चोविशीच्या आसपास ती रंगमंचावरून उतरली. वारली 1941 मध्ये. म्हणजे बारा वर्षं नाटक आणि पुढे चोपन्न वर्षं नाटकाविना. चरित्र लिहिणाऱ्याचं यात काही बिघडत नाही, तो पानं कमीजास्त करतो. पन्नास मिनिटांचा प्रयोग बांधणाऱ्याची मात्र पंचाईत होते.

माझी तिच्याशी गाठ पडली ती बँकेतल्या बदलीमुळे. कोलकात्यात काही वर्षं काढली, तिथल्या सहकाऱ्यांच्या नादाने बांगला अक्षरं शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचता वाचता पुस्तकांपर्यंत पोचले. तिचं 'आमार कथा' हे आत्मकथन 1912 चं. साधूभाषेत, म्हणजे जुन्या ग्रांथिक बांगलात लिहिलेलं, त्यामुळे क्रियापदं लांबलचक. पण संस्कृत शब्द भरपूर, म्हणून मराठी माणसाला वाटतं तितकं जड जात नाही. शिवाय एकपात्री करणाऱ्याला त्यात आयतं घबाड आहे. हे सगळं पत्रांसारखं लिहिलंय, एकाच माणसाला उद्देशून: तिचे गुरू, नट-नाटककार गिरीशचंद्र घोष. समोर कोण आहे, ती कोणाशी बोलतेय, हा एकपात्रीतला कायमचा त्रास तिनेच मिटवून ठेवलेला. मी रंगमंचाच्या उजव्या अंगाला एक रिकामी आरामखुर्ची ठेवली आणि ती गिरीशबाबूंची झाली.

त्या खुर्चीशी तिचं भांडणही आहे. पुस्तकाला प्रस्तावना तिने गिरीशबाबूंकडूनच मागितली. त्यांनी लिहिली, पण तिला ती पटली नाही. खरं होतं ते सगळं यात आलेलं नाही, पुन्हा लिहा, असं तिचं म्हणणं. ज्या माणसाने उभं केलं त्याला ती हे सांगते! ते पुन्हा लिहायच्या आतच 1912 च्या फेब्रुवारीत वारले. पुढच्या आवृत्तीत तिने ती जुनी, न आवडलेली प्रस्तावना छापली. मला हा प्रसंग मिळाला तिथेच संहितेची सुरुवात ठरली.

ते 'खरं' म्हणजे स्टार थिएटरचं. नॅशनल थिएटरचे मालक प्रतापचंद जहुरी. बाईने पंधरा दिवसांची रजा घेतली, काशीला गेली, तिथे आजारी पडली, महिना उलटला. परत आल्यावर शेटजी रजेचा पगार द्यायला तयार नाहीत. ती तिथून निघायची भाषा करू लागली. गिरीशबाबू आणि मंडळींनाही स्वतःचं थिएटर हवंच होतं, पण पैसा कुठून आणणार? गुरमुख राय नावाचा एक तरुण मारवाडी पैसा टाकायला तयार होता, अट एकच: बिनोदिनी त्याची झाली पाहिजे. नाटक सोडशील तर रोख 50,000 देतो असंही तो म्हणाला. तिने पैसे नाकारले आणि थिएटर मागितलं. बीडन स्ट्रीटवर बांधकाम सुरू झालं. तिच्या नावावरून 'बी थिएटर' म्हणायचं असं तिला सांगितलेलं होतं. नोंदणी करून आले तेव्हा कळलं, नाव 'स्टार' दिलंय. 21 जुलै 1883 ला 'दक्षयज्ञ'ने पडदा उघडला, सती तीच. काही महिन्यांत गुरमुख राय बाजूला झाला आणि थिएटर 11,000 रुपयांत कंपनीतल्याच चार पुरुषांकडे गेलं. हिचा हिस्सा शून्य. बायकांनी असल्या भानगडीत पडू नये, अशी तिच्या आईची समजूत कोणी घातली, तर गिरीशबाबूंनीच.

आमच्या दिग्दर्शकाला यातला नावाचा विश्वासघात हवा होता. ब्लॅकआऊट, मग पाटीवर प्रकाश, मग हुंदका. मला त्याच्या आधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटत होती. थिएटर बांधलं जात असताना तालीम संपवून ती तिथे जायची, भरावाची माती स्वतः टोपल्यांनी डोक्यावरून वाहायची आणि काम रात्रीतून उरकावं म्हणून मजुरांना टोपलीमागे कवड्या ठरवून द्यायची. कलकत्त्यातली सर्वांत गाजलेली नटी, वय वीस. हे तिने स्वतः लिहिलंय, फार न रडता. प्रयोगाचा कणा हाच, हे मी धरून बसले.

आता ही टोपली करून दाखवायची तर नुसती टोपली उचलून भागत नाही. तालमीत मी रिकामी बांबूची टोपली घ्यायचे आणि चेहऱ्यावर कष्ट आणायचे. मागे बसलेली पोरं खुसखुसायची. शेवटी आमच्या कॉलनीत इमारतीचं काम चाललं होतं तिथल्या एका मावशींना विचारलं. त्यांनी आधी चुंबळ करायला शिकवलं. जुन्या लुगड्याची पट्टी तळहाताभोवती गुंडाळायची, टोक आत खोचायचं, आणि टाळूवर नाही तर जरा पुढे ठेवायची. मग म्हणाल्या, "मानेनं नका उचलू, बसून उठा. आणि चालताना तोंड हलवू नका." तोंड हलवू नका! माझं त्या प्रसंगात दीड पान भाषण होतं. ते सगळं काढलं. टोपलीत खरी माती भरली, पोत्याची गोणी खाली अंथरली आणि विंगेपासून खुर्चीपर्यंत तीन खेपा, एकही शब्द नाही. तिसऱ्या खेपेला टोपली खुर्चीच्या पायाशी उपडी करायची. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला माती म्हटल्यावर घाम फुटतो, त्यामुळे झाडू आमचा आम्ही नेतो.

मग उरला रामकृष्णांचा प्रसंग. 'चैतन्यलीला' 1884 च्या ऑगस्टमध्ये आलं. त्यात ती चैतन्य महाप्रभू. सकाळी गंगास्नान, उपास, आणि रात्री निमाई, म्हणजे चैतन्यच. 21 सप्टेंबरला रामकृष्ण स्वतः नाटक बघायला आले, तिला आशीर्वाद दिला, आणि ज्या थिएटरकडे भद्रलोक, म्हणजे तिथले प्रतिष्ठित सुशिक्षित, नाक मुरडत होते त्याला एकदम प्रतिष्ठा मिळाली. नाक मुरडायचं कारण उघड होतं. 1873 मध्ये कवी-नाटककार मायकेल मधुसूदन दत्तांच्या आग्रहाने बेंगॉल थिएटरने बायकांच्या कामाला बायका घेतल्या, त्या वेश्यावस्तीतून. दुसऱ्या कुठल्या घरातली बाई येणार होती? विद्यासागरांसारखा विधवाविवाहासाठी झगडलेला माणूसही त्यावरून त्या थिएटरच्या समितीतून बाहेर पडला. आपल्याकडे 1882 मध्ये 'सौभद्र'ची सुभद्रा भाऊराव कोल्हटकर होते आणि त्याचं आपल्याला कौतुक आहे, ते असावंही. पण त्याच साली कलकत्त्यात तिकीट काढून बाईला बाईच्या भूमिकेत बघता येत होतं, आणि बघून घरी जाऊन तिला नावं ठेवता येत होती.

शेवट आशीर्वादावर करावा असं सगळ्यांचं मत. निळा प्रकाश, मागे कीर्तन, प्रेक्षक हात जोडून उठतील. उठले असते यात शंका नाही, आणि नेमकं तेच मला नको होतं. आशीर्वाद मिळाला म्हणून तिचं काम मोठं ठरलं, असा त्याचा अर्थ झाला असता. तिच्या आत्मकथनात मला याच्या अगदी शेजारी एक वेगळीच नोंद सापडली. एकाच रात्री चैतन्य झाल्यावर ती 'विवाह विभ्राट' या प्रहसनात विलासिनी कारफरमा व्हायची, म्हणजे इंग्रजी शिकून मिजाशीत वावरणारी, हास्यास्पद बाई. दोन टोकांच्या भूमिका एका रात्रीत करणं किती अवघड, हे ती एखाद्या कारागिराने अवजाराबद्दल बोलावं तशी सांगते. संतपद आणि फार्स, मध्ये काय तो रंगपटातला वेळ.

म्हणून माझ्या प्रयोगात आशीर्वाद मध्यावर येतो. ती खाली वाकते, क्षणभर थांबते, मग उठून प्रेक्षकांसमोरच भगवं उपरणं सोडते, टाचांचे बूट चढवते आणि विलासिनी होऊन चालायला लागते. हा बदल बसवायला सगळ्यांत जास्त तालमी गेल्या. बूट पटकन चढत नाहीत, त्यात मी पन्नाशीची. शेवटी चांभाराकडून बुटांच्या मागच्या बाजूला इलॅस्टिक लावून घेतलं. चाल आधी खांद्यापासून बदलते आणि पाय नंतर येतात, हे कळायला मात्र इलॅस्टिकचा उपयोग नाही, तिथे आरसाच लागतो.

पुढचं बरंचसं मी गाळलं. तिला एक मुलगी होती, शकुंतला. आईच्या पार्श्वभूमीमुळे तिला शाळेने घेतलं नाही आणि 1904 मध्ये ती लहान वयातच गेली. हे रंगमंचावर आणलं की रुमाल निघणार आणि बाकीचा प्रयोग वाहून जाणार. दिग्दर्शक अजून यावरून रुसलेला आहे.

सेन्सॉरची पायरी राहिली. महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. मंडळाचे सदस्य वाचतात, मग प्रमाणपत्र मिळतं, आणि आयोजक ते मागतातच. नव्याने करणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच की तारीख घ्यायच्या खूप आधी संहिता पाठवा आणि पानांना क्रमांक घाला. माझं प्रमाणपत्र एकही काट न होता आलं. पण अर्ज भरताना हसू येत होतं, कारण या देशात नाटकावर अंकुश आणणाऱ्या कायद्याचं मूळ बिनोदिनी जिथे घडली त्या ग्रेट नॅशनल थिएटरातच आहे. प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्याला आला तेव्हा जगदानंद मुखर्जी या वकिलाने त्याला घरातल्या बायकांकडून ओवाळून घेतलं. थिएटरने त्यावर प्रहसन लावलं. 1876 च्या फेब्रुवारीत सरकारने वटहुकूम काढला आणि वर्षअखेर नाट्यप्रयोग कायदाच आणला. पोलिसांनी 'सुरेंद्र-बिनोदिनी' नावाच्या नाटकावरून मंडळींना पकडलं. नायिकेचं नाव निव्वळ योगायोगाने बिनोदिनी, पण हा योगायोग मी सोडते की काय! केंद्राच्या कायद्यांतून तो कायदा 2018 मध्ये रद्द झाला. आपल्याकडचं परिनिरीक्षण पोलीस कायद्याखालच्या नियमांनी चालतं, ते चालूच आहे. संहितेत यावर दोन ओळी आहेत आणि त्या मंडळाने तशाच ठेवल्या, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं.

प्रयोग बसत असताना एकदा कोलकात्याला जाणं झालं. हातीबागानला स्टार थिएटरसमोर फोटो काढायला लोक येतात. पण हे स्टार 1888 चं. बीडन स्ट्रीटवरचं, तिने माती वाहिलेलं, रस्ता काढताना गेलं. हातीबागानच्या रंगमंचावर ती कधीच उभी राहिली नाही, कारण ती त्याच्या आधीच निवृत्त झाली होती. 2024 च्या शेवटी पश्चिम बंगाल सरकारने याच वास्तूला 'बिनोदिनी'चं नाव द्यायचं जाहीर केलं. नाव मिळालं, पण दुसऱ्या इमारतीला. ही माहिती मी प्रयोगात घातलेली नाही, नंतरच्या गप्पांत सांगते. तिथे ती जास्त लागते.

पहिल्या प्रयोगाला आमच्या शाखेतल्या बायका आल्या होत्या. मातीच्या प्रसंगाला शांतता होती, आशीर्वादाला दोघीतिघींनी हात जोडलेच. पण सगळ्यांत मोठा हशा कुठे आला, तर पंधरा दिवसांच्या रजेवर. जहुरीशेट रजेचा हिशेब करू लागतो तिथे मागच्या रांगेतून आवाज आला, "मेडिकल सर्टिफिकेट मागितलं नाही का?" मी भूमिकेत असूनही हसले, आणि बिनोदिनी तिथे हसली तरी काही बिघडत नाही हे तेव्हा कळलं. तोवर तो प्रसंग मी भराभर उरकत होते, थिएटर बांधण्याकडे जायची घाई म्हणून. आता तो वाढवलाय. जहुरी बोटांवर दिवस मोजतो, ती खुर्चीकडे बघत आपलं दुखणं सांगते आणि गिरीशबाबू काहीच बोलत नाहीत. वाढवलेली पानं मंजुरीसाठी पाठवायची आहेत, आणि पुढच्या तारखेआधी बुटांचं इलॅस्टिकही बदलायला हवं.