छपरावरच्या उन्हाची खातेवही

इथे जर्मनीत छपरावर कौलं बसवणाऱ्या कामगाराला उतारवयात कानावर किंवा टकलावर त्वचेचा कर्करोग निघाला, तर विमावाले एक अजब वाटणारा प्रश्न विचारतात. आयुष्यभर अंगावर घेतलेल्या उन्हातलं कामाचं किती आणि स्वतःचं किती?

प्रश्नामागे पैसा आहे. १ जानेवारी २०१५ पासून उन्हातल्या अतिनील किरणांमुळे होणारा ‘स्क्वॅमस सेल’ हा त्वचेचा कर्करोग आणि त्याआधीचे खरबरीत चट्टे (एकदोन नव्हे, बरेच असले तर) इथल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आले, क्रमांक ५१०३. आजार कामामुळे झाला हे मान्य झालं की उपचारांचा खर्च अपघात विमा उचलतो, आणि त्या विम्याचा हप्ता मालक भरतो, कामगार नाही. म्हणून हिशेब लागतो.

तो करतात असा. एकक एसईडी: चौरस मीटरला १०० ज्यूल, पण साधे ज्यूल नव्हेत, त्वचा लाल करण्याच्या ताकदीनुसार तोललेले. अगदी गोरी कातडी दोन-तीन एसईडीत लाल होते. यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ८ असताना उघड्या सपाट जागेवर तासाभरात सात एसईडी पडतात. मूळ हिशेबात प्रत्येक माणसाचं खासगी ऊन वर्षाला १३० एसईडी धरलं, आणि पूर्णवेळ बाहेर काम करणाऱ्याला वर १७०. कामाचं ऊन खासगी उन्हाच्या ४० टक्के झालं की अट पूर्ण. साठ वर्षांच्या माणसाचं खासगी खातं ७,८०० एसईडी, त्याचे ४० टक्के ३,१२०, म्हणजे साधारण अठरा वर्षं छपरावर. पन्नाशीतल्याला पंधराएक वर्षं पुरतात.

गंमत खासगी खात्याची आहे. दर उन्हाळ्यात मायोर्का या स्पॅनिश बेटाच्या वाळूवर भाजून येणाऱ्यालाही १३०, आणि पडदे ओढून बुद्धिबळ खेळणाऱ्यालाही १३०. मला हे अन्यायाचं वाटत नाही. चाळीस वर्षांच्या सुट्ट्यांचे पुरावे मागत बसलं तर माणूस निकालाआधीच जायचा.

कामाच्या बाजूला मात्र सरासरीवर भागत नाही. पूर्वी पॉलिसल्फोन नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म अंगावर लावत. अतिनील किरणांनी ती बदलते आणि तो बदल मोजता येतो. पण भर उन्हाळ्यात ती दिवसभरात भरून जाते, मग रोज नवी. बॉनजवळच्या सांक्ट ऑगुस्टिनमधल्या कामगार सुरक्षा संस्थेने २०१४ पासून दुसरी वाट धरली. शेकडो कामगारांच्या डाव्या दंडावर इलेक्ट्रॉनिक मापक, एप्रिल ते ऑक्टोबर, दर सेकंदाला नोंद. त्यातून धंद्यागणिक, कामागणिक आकडे मिळू लागले. ‘बांधकाम कामगार’ हा एक शब्द किती फसवा आहे ते इथे कळतं: भिंतीच्या सावलीतला गवंडी आणि उघड्या रस्त्यावर फरसबंदी करणारा एकाच साइटवर असतात, ऊन एकसारखं नसतं. कोण वाकून काम करतो, दुपारची सुट्टी केव्हा होते, यानेही आकडा हलतो. शिवाय दंड म्हणजे नाक नव्हे. दंडावरून नाक, कान, मानेचा अंदाज बांधायला वेगळे गुणक लागतात, कारण कर्करोग बहुतेक तिथेच निघतो.

आपल्याकडचे वाचक म्हणतील, जर्मनीत कसलं आलंय ऊन! मुद्दा उकाड्याचा नाहीच. मे महिन्यात वाऱ्याने हुडहुडी भरते, कामगार जॅकेट घालून असतात, आणि निर्देशांक सहा-सात. चटका लागत नाही म्हणून टोपीही कुणी घालत नाही. त्यात घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो दीडच्या सुमाराला. जेवणाची सुट्टी आटोपून माणसं पुन्हा वर चढलेली असतात.

हा सगळा हिशेब गोऱ्या कातडीचा, हेही सांगायला हवं. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे हा कर्करोग आपल्यात बराच कमी. डोळ्यांना मात्र ती सवलत नाही, मोतीबिंदूच्या कारणांत अतिनील किरणं आहेतच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात १६० कोटी लोक कामामुळे या किरणांत होते, आणि मेलानोमा सोडून इतर त्वचा कर्करोगांनी त्यातले जवळजवळ १९ हजार गेले.

इथे आता एप्रिल ते सप्टेंबर सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात रोज किमान तासभर, असे निदान पन्नास दिवस बाहेर काम असेल, तर मालकाने कामगाराला वैद्यकीय सल्ला देऊ करावाच लागतो. घ्यायचा की नाही हे कामगाराच्या मर्जीवर. आमच्या साइटवरचे बरेच जण घेत नाहीत. डॉक्टर टोपी घाला म्हणणार, हे त्यांना आधीच ठाऊक असतं.