इव्हेंट फोटोग्राफीत करिअर होतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदा बसून नीट लिहूनच काढूया. विचारणाऱ्यांचे शब्द थोडे इकडेतिकडे असतात पण रोख एकच, "इव्हेंट फोटोग्राफी फुल टाइम करून घर चालतं का, आणि सुरुवात करायची तर कॅमेरा कोणता घेऊ?" घर चालतं, माझं चालतंय. कॅमेऱ्याचं सांगतेच, पण त्याआधी हे काम नेमकं कसलं आहे ते बोलू, कारण ते कळलं की कॅमेऱ्याचा प्रश्न अर्धा सुटतो.

इव्हेंटमध्ये रिटेक नसतो. प्रॉडक्ट शूटला लाइट हलवता येतो, पोर्ट्रेटला "अजून एकदा बघा इकडे" म्हणता येतं, इथे पुरस्कार हातात पडतानाचे दोन सेकंद गेले की गेले. क्लायंट पैसे देतो ते त्या दोन सेकंदांना तुम्ही बरोबर जागेवर असाल, कॅमेरा तयार असेल आणि ती फाइल उद्या सकाळीही शाबूत असेल याचे. मूडी कलर, मागचं मस्त ब्लर वगैरे सगळं त्यानंतर. मला परत परत बोलावणाऱ्या क्लायंटपैकी कोणी लेन्स कोणती वापरता असं विचारल्याचं आठवत नाही, "फोटो कधी मिळतील" हे मात्र सगळे विचारतात.

म्हणून गियर याच नजरेने बघा. बॉडीला, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याला, दोन मेमरी कार्ड स्लॉट पाहिजेत आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी तोच फोटो लिहिला जाईल असं सेटिंग पाहिजे, कारण कार्ड खराब होतात आणि ते आधी सांगून होत नाहीत. बॉडी दोन पाहिजेत, दुसरी जुनी असली तरी चालेल. लेन्समध्ये 24-70 आणि 70-200 मिलिमीटरच्या झूम (पहिली जवळून, दुसरी लांबून टिपायला), दोन्ही एफ 2.8, म्हणजे कमी उजेडातही भरपूर प्रकाश आत घेणाऱ्या, एवढ्यात बहुतेक सगळं काम निघतं. हे सगळं पहिल्या वर्षी विकत घ्यायची अजिबात गरज नाही, भाड्याने मिळतं, कामापुरतं घ्या, कर्ज काढून लेन्स घेऊ नका प्लीज. आणि दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं कार्यक्रमाआधी सेकंदासकट जुळवून घ्या, नाहीतर नंतर कॉम्प्युटरवर आभार आधी आणि उद्घाटन नंतर असा क्रम लागतो आणि तो निस्तरण्यात रात्र जाते.

आता लाइट. खरं शिकायचं इथे आहे आणि शिकवणारे कमी. हॉलमधले बरेच दिवे आपल्या डोळ्यांना स्थिर दिसतात पण असतात लुकलुकणारे. विजेची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ असेल तिथे ते सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, 60 असेल तिथे 120 वेळा. त्यामुळे शटर (सेन्सरवर उजेड पडायचा वेळ) 1/500 सेकंद ठेवून घेतलेल्या ओळीने पाच फोटोंत पाच वेगळे रंग आणि कुठे अर्ध्या फ्रेमवर काळपट पट्टा. पहिल्या ठिकाणी शटर 1/100, दुसऱ्या ठिकाणी 1/120 ठेवलं की बरंचसं थांबतं, पण 1/100 वर बोलणाऱ्याचे हात हलून जातात, मग कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर मोड (दिवा उजळ असतानाच फोटो घेणारा) चालू करायचा आणि वेग वाढवायचा. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर तिचं गणित पुन्हा वेगळं, तिथे सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) टाळा, कारण बहुतेक सेन्सर फ्रेम वरून खाली ओळीओळीने वाचतात आणि तेवढ्या वेळात वॉल बदलून जाते, पट्टे येणारच. हे सगळं कार्यक्रम सुरू झाल्यावर शोधत बसायचं नसतं. साउंड चेक चालू असतो तेव्हा जायचं, रिकाम्या पोडियमचे फोटो काढायचे, झूम करून बघायचे. लाइटवाल्याशी ओळख करून घ्यायची, तो माणूस एका बटणावर तुमचा दिवस सोपा करू शकतो.

फ्लॅश थेट तोंडावर मारू नका. पांढरं, बेताच्या उंचीचं छत असेल तर वर मारा, उजेड मऊ होऊन खाली येतो. छत उंच किंवा काळं असेल तर फ्लॅशची बॅटरी जाते आणि हाती काही येत नाही, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. तिथे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, 6400 लावा आणि निर्धास्त रहा, थोडा नॉइज (फोटोतले दाणे) कोणाला दिसत नाही, हललेला चेहरा सगळ्यांना दिसतो.

माणसं वाचणं हे या कामातलं माझं सगळ्यात आवडतं काम. वक्ता बोलत असतो तेव्हा दहातल्या सात फ्रेममध्ये तोंड वेडंवाकडं, डोळे अर्धे मिटलेले. म्हणून मी ऐकते. अगदी लक्ष देऊन ऐकते, विषय कळो न कळो. वाक्य संपतं, माणूस क्षणभर थांबतो, प्रेक्षकांकडे बघतो, फोटो तिथे असतो. विनोद येतोय असं वाटलं की मी वक्त्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे वळलेली असते, कारण आयोजकाला रिपोर्टमध्ये छापायला हसणारी माणसं हवी असतात. माइकही बघायचा, तो ज्या बाजूने तोंडावर येतो त्याच्या उलट बाजूला उभं राहायचं, नाहीतर अख्ख्या भाषणात हनुवटीच्या जागी माइक. (लोक म्हणतात फोटोग्राफर दिसला नाही पाहिजे, मला ते अर्धंच पटतं. भाषण चालू असताना दिसू नका, पण पुरस्कार देताना समोर ठाम उभं राहून "सर, इकडे" असं मोठ्याने म्हणायची हिंमत पाहिजे.)

ग्रुप फोटोला एक फ्रेम कधीच पुरत नाही, कोणीतरी डोळे मिटतंच. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी याचं चक्क गणित मांडलं, 2006 साली त्याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळालं. ढोबळ नियम असा की ग्रुप विसाच्या आतला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, तेवढे फोटो काढा, उजेड कमी असेल तर दोनने भागा. म्हणजे बारा जणांचे चार, अंधारात सहा. मी थोडे जास्तच काढते.

म्युझिक कॉन्सर्टकडे वळायचं असेल तर एवढं माहीत असू द्या की मोठ्या शोजना बऱ्याचदा पहिली तीनच गाणी आणि फ्लॅश बंद अशी अट असते. तीन गाण्यांत काम संपवायचं आणि पिटमधून, म्हणजे स्टेजसमोरच्या फोटोग्राफरांच्या जागेतून, बाहेर.

कार्यक्रम संपला की काम अर्धं झालेलं असतं. 24 मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला प्रक्रिया न केलेला मूळ डेटा) साधारण 25 ते 50 एमबी, म्हणजे हजार फोटो काढले तर 25 ते 50 जीबी झाले. घरी पोचल्यावर झोपायच्या आधी कॉपी करायची, दोन वेगळ्या ड्राइव्हवर, आणि एक प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर. फोटो क्लायंटला पोचेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. मग निवड. हजारातून दोनशे काढताना हात आखडता घेऊ नका, एकाच क्षणाचे सहा फोटो पाठवले की तुम्हाला ठरवता येत नाही एवढंच समोरच्याला कळतं. आणि त्याच संध्याकाळी दहा-पंधरा चांगले फोटो पाठवून द्या, सोशल मीडियावर टाकायला त्यांना तेव्हाच हवे असतात, आठवड्याने आलेल्या अप्रतिम फोटोचं त्यांना काय करायचंय. माझी निम्मी पुढची कामं या त्याच दिवशीच्या फोटोंवरून आली असावीत असं मला खरंच वाटतं.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते. रेट ठरवताना शूटचे तासच मोजले तर तोट्यात जाल. आधीची मीटिंग, प्रवास, निवड, एडिटिंग, गियरची झीज, विमा, आणि ज्या महिन्यात कामच नसतं तो महिना, हे सगळं त्यात बसलं पाहिजे. लेखी करार करा, ओळखीचा माणूस असला तरी, खरं तर ओळखीचा असेल तर जास्तच. त्यात तास किती, फोटो साधारण किती आणि कधी, कार्यक्रम रद्द झाला तर काय, ॲडव्हान्स किती, फोटो कुठे वापरता येतील आणि हक्क कोणाकडे हे सगळं यायला हवं. हक्काचा कायदा देशागणिक बदलतो, तुमच्याकडचा वाचून घ्या, गृहीत धरू नका. "पैसे नाहीत पण एक्स्पोजर (म्हणजे प्रसिद्धी) मिळेल" या कामाला नाही म्हणा. एखाद्या संस्थेचं काम मनापासून आवडतं म्हणून फुकट करायचं असेल तर जरूर करा, पण ते तुम्ही ठरवलेलं असावं.

सुरुवातीला ज्याचं काम आवडतं अशा अनुभवी फोटोग्राफरकडे सेकंड शूटर म्हणून जा. मुख्य जबाबदारी त्याची असते, तुम्हाला कोपऱ्यातून बघायला मिळतं की तो स्टेजच्या कुठल्या बाजूला उभा राहतो, आयोजकाशी कसं बोलतो, गडबड झाली की आधी काय करतो. त्याचे क्लायंट स्वतःकडे वळवायचे नाहीत, हे क्षेत्र लहान आहे आणि लोक लक्षात ठेवतात. तिथे काढलेले फोटो पोर्टफोलिओत टाकायचे तर आधी विचारा. आणि पोर्टफोलिओत वेगवेगळ्या पन्नास कार्यक्रमांतला एकेक भारी फोटो ठेवण्यापेक्षा एकच पूर्ण कार्यक्रम दाखवा, रिकाम्या हॉलपासून शेवटच्या ग्रुप फोटोपर्यंत, कारण काम देणाऱ्याला तेच बघायचं असतं, की आपला अख्खा दिवस हा माणूस सांभाळेल का.