रेकॉर्डवर नसलेला नियम

न्यू जर्सीत वकिली करताना वर्षातला एक शनिवार मी हायस्कूलच्या मुलांच्या अभिरूप न्यायालयासाठी राखून ठेवते. इथल्या शाळांत अधिक लोकप्रिय आहे तो लुटुपुटीचा खटला. त्यात साक्षीदार, उलटतपासणी, ज्यूरी आणि बरेचसे नाटकही असते. अभिरूप न्यायालयात मात्र अपील चालते, आणि अपिलात यांतले काहीच नसते. खालच्या न्यायालयात जे सिद्ध झाले ते रेकॉर्डवर असते, त्यात कोणालाही एका शब्दाची भर घालता येत नाही, आणि वाद उरतो तो राज्यघटनेच्या अर्थाचा. प्रत्येक संघात दोन विद्यार्थी, समोर न्यायमूर्ती म्हणून बसलेले आम्ही तिघे वकील, आणि पाठ करून आणलेले भाषण मध्येच तोडून प्रश्न विचारायचे, हे आमचे काम.

या वर्षीचे काल्पनिक प्रकरण असे होते: वर्गात फोन वापरणाऱ्या मुलाचा फोन उपमुख्याध्यापकांनी ताब्यात घेतला, उघडून संदेश वाचले, ‘मालाचा फोटो पाठवला आहे’ असा संदेश दिसल्यावर छायाचित्रेही पाहिली आणि त्यांत गांजाच्या पुड्या आढळल्या. सरकारी अधिकाऱ्यांच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या, अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या घटनादुरुस्तीत ही झडती बसते का, हा प्रश्न.

या प्रश्नाचे मूळ आमच्याच भागात आहे. आज मराठी कुटुंबांचा पुष्कळ राबता असलेल्या पिस्कॅटवेच्या हायस्कूलमध्ये मार्च १९८० मध्ये, स्वच्छतागृहात सिगारेट ओढल्याच्या संशयावरून १४ वर्षांच्या एका मुलीची पर्स उपमुख्याध्यापकांनी उघडली. आधी सिगारेटी दिसल्या, त्यांच्यामुळे सिगारेट वळण्याचे कागद दिसले, आणि त्या कागदांमुळे पुढे शोध घेतल्यावर गांजा आणि पैसे देणे असलेल्या मुलांची यादी सापडली. ‘न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ.’ (ही त्या मुलीची आद्याक्षरे) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठरवले की शाळेचे अधिकारीही चौथ्या घटनादुरुस्तीने बांधलेले आहेत, मात्र त्यांना वॉरंट लागत नाही. झडती सुरू करायला वाजवी कारण हवे आणि तिची व्याप्ती त्या कारणाला धरून हवी. न्यायमूर्ती ब्रेनन आणि मार्शल यांना शाळेला दिलेली ही सवलत मान्य नव्हती. पुढे याच दोघांच्या नावाने वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत शाळकरी मुलांना राज्यघटना शिकवणारा प्रकल्प सुरू झाला, याची मला नेहमी गंमत वाटते.

दुपारच्या फेरीत शाळेची बाजू मांडायला एक बारीक आवाजाची मुलगी उभी राहिली. तिचे बोलणे मला जरा अडखळते वाटले, म्हणून मदत करण्याच्या हेतूने मी विचारले, “जप्त केलेला फोन तपासता येईल असा शाळेचा लेखी नियम आहे आणि पालकांनी त्यावर सही केली आहे. त्याचा आधार तुम्ही का घेत नाही?”

तिने कागद उलटले नाहीत. “युअर ऑनर, तसा नियम असता तर आमची बाजू बळकट झाली असती, पण रेकॉर्डवरचा नियम फोन जप्त करण्यापुरताच आहे, तपासण्याविषयी त्यात काही नाही.”

मी पाने चाळली. तिचे बरोबर होते. मागच्या वर्षीच्या प्रकरणातला नियम माझ्या डोक्यात राहिला होता. न्यायमूर्तींनी स्वतःहून पुढे केलेला आधार रेकॉर्डवर नाही म्हणून नाकारायला अनुभवी वकिलालाही धैर्य लागते. मीही तो आनंदाने घेतला असता, अशी मला दाट शंका आहे.

माझ्या सहकाऱ्याने तिला तिथेच पकडले. म्हणजे संमती नव्हती, हे मान्य? मान्य. मग २०१४ च्या ‘रायली’ निकालात फोन उघडण्यासाठी पोलिसांना वॉरंट लागते असे एकमताने ठरले, त्याचे काय? ते पोलिसांसाठी, असे ती म्हणाली. आणि २००९ मध्ये साध्या वेदनाशामक गोळ्यांसाठी शाळेने १३ वर्षांच्या मुलीची झडती अंतर्वस्त्रांपर्यंत नेणे न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, त्याचे? इथे ती थांबली. काही क्षण केवळ घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग ती म्हणाली की त्या प्रकरणात गोळ्या अंतर्वस्त्रांत लपवल्या असाव्यात असे सुचवणारे काहीही नव्हते, इथे मात्र संदेशानेच छायाचित्रांकडे बोट दाखवले होते. तो संदेश नसता तर छायाचित्रे पाहण्याचा अधिकार शाळेला नव्हता, हेही तिने आपणहून कबूल केले.

गुण कायद्याने कोणाचे बरोबर यावर दिले जात नाहीत. दुसरा संघ अधिक सफाईने बोलला होता आणि थोड्या फरकाने तोच पुढे गेला. माझी गुणपत्रिका एकटीच उलट दिशेची होती.

फेरीनंतरच्या चर्चेत मी सर्वांसमोर माझी चूक सांगितली आणि तो नियम तिच्या इतका पक्का लक्षात कसा होता, असे विचारले. ती थोडी लाजली. सकाळी दुसऱ्या दालनात ती त्याच प्रकरणात विद्यार्थ्याच्या बाजूने उभी होती, आणि फोन तपासण्याविषयी नियमात एक अक्षरही नाही, हाच तिचा पहिला मुद्दा होता.